‘शोले’चे दोन शेवट

‘शोले’ हा चित्रपट आमच्या वाडीत आधी कानांनी आला. डोळ्यांपर्यंत पोहोचायला त्याला आणखी काही वर्षे लागली. तो १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. आमच्या वसईच्या पट्ट्यात त्या काळी लग्न असले की मांडवात लाऊडस्पीकर लागे आणि पोलिडोर कंपनीने काढलेली ‘शोले’ची तबकडी त्यावर वाजे. गाण्यांची नव्हे, संवादांची! बँडवाले जेवायला बसले की गब्बरसिंगचा आवाज केळीच्या बागांवरून चर्चच्या मनोऱ्यापर्यंत घुमत जाई. कालियाचे मरण मला ‘प्रणाम मारिये’इतकेच तोंडपाठ होते. तो कालिया म्हणजे आपल्या मराठी रंगभूमीवरचे विजू खोटे, हे मात्र पुष्कळ नंतर कळले.

डोळ्यांनी पाहिल्याचा अधिकार आमच्या घरात एकाच माणसाकडे होता. तो म्हणजे माझा धाकटा मामा. मामांचा धंदा फुलांचा. सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात न्यायचा, नऊ-साडेनऊपर्यंत विकून मोकळे व्हायचे, आणि खिशात बरे पैसे असले तर रिकाम्या करंड्या घेऊन तसेच पुढे ग्रँट रोडला उतरायचे. तिथल्या मिनर्व्हा चित्रपटगृहात ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक काळ चालला. पहिली तीन वर्षे नेहमीच्या खेळांना आणि पुढे मॅटिनीला. मामांच्या हिशेबाप्रमाणे त्यांनी तो एकोणीस वेळा पाहिला. मामीच्या मते या एकोणिसात सात-आठ थापा आहेत.

संध्याकाळी आजोळच्या ओट्यावर मामा कथा सांगायला बसत. मी पुढे गुरुविद्यालयात प्रवचनशास्त्र शिकलो, चांगल्या गुरूंकडे शिकलो; परंतु गोष्ट कशी सांगावी, काय कुठवर राखून ठेवावे, याचा पहिला धडा मला त्या ओट्यावर मिळाला. ठाकूर बलदेवसिंगला हात नाहीत, हे मामा आम्हांला कधीच आधी सांगत नसत. होळीच्या दिवशी गब्बरची माणसे गावावर तुटून पडतात, जय-वीरू संकटात सापडतात, बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते आणि ठाकूर ती उचलून देत नाही. इथे मामा थांबत, विडी पेटवत. आम्हां पोरांना ठाकूरचा संताप येई. मग पूर्वकथा. ठाकूरचे दोन मुलगे, सून, मुलगी, लहानगा नातू यांची प्रेते अंगणात. देवळात गेल्यामुळे वाचलेली एकटी धाकटी सून राधा. आणि शेवटी वाऱ्याने खांद्यावरून उडून गेलेली ती शाल. आम्हांला सगळे पाठ होते, तरी दर खेपेला ओट्यावर शांतता पसरे. आपण ज्याला भ्याड समजलो त्याला हातच नव्हते! श्रोत्याला आपल्या निवाड्याची लाज वाटायला लावणारी ही कलाटणी सलीम-जावेद या लेखकद्वयाने किती विचारपूर्वक राखली होती, हे आज उमगते.

ओट्यावर श्रोते असत तसे टीकाकारही असत. वीज मंडळात नोकरीला असलेले शेजारचे एक गृहस्थ नेहमी एकच शंका काढीत: ‘‘गावात वीज नाही, राधा रोज कंदील विझवते, मग त्या उंच टाकीत पाणी चढतं कसं?’’ मामांचे उत्तर ठरलेले: ‘‘ती टाकी पाण्यासाठी नाही बांधलेली, वीरूसाठी बांधलीय. वर चढून त्याला जीव द्यायची धमकी द्यायचीय.’’ माझ्या मते कथाशास्त्रावर इतके नेमके उत्तर मी पुढे कोणत्याही ग्रंथात वाचले नाही. जय मरायला नको होता, असे बायकांचे म्हणणे असे. खरे तर निर्मात्यांनाही पहिल्या आठवड्यात तीच धास्ती पडली होती. समीक्षकांनी चित्रपट झोडपला होता, व्यापारी मंडळी तो पडला म्हणत होती. तेव्हा जयला जिवंत ठेवून शेवट पुन्हा चित्रित करावा, असा विचार झाला होता. मग थोडी वाट पाहावी असे ठरले, आणि प्रेक्षकांनीच निकाल दिला. मामांनाही जयचे मरण मान्य होते. नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच होत्या, म्हणजे प्रत्येक वेळी तो नशिबावर नव्हे तर स्वतःच्या मनाने संकट अंगावर घेत होता. असा माणूस वाचला तर नाण्याला अर्थ काय, असे ते विचारीत.

या सभेत मामीचा प्रश्न मात्र निराळा असे, आणि पुरुषमंडळी तो हसण्यावारी नेत. ती आतून विचारी, ‘‘आणि राधेचं काय?’’ जयच्या चितेकडे राधा खिडकीतून पाहते आणि खिडकी लावून घेते, इथे तिची कथा संपते. ‘‘लावून घेतलेल्या खिडकीच्या आत पुढं काय झालं, ते कुणी सांगाल की नाही?’’ कोणी सांगत नसे. माझे मत विचाराल तर साऱ्या चित्रपटात सर्वांत हळुवार सांगितलेली कथा तीच आहे: एकीकडे माउथ ऑर्गन वाजवणारा जय, दुसरीकडे एकेक दिवा मालवणारी राधा, आणि मध्ये जवळजवळ शब्दच नाहीत.

१९९१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गुरुविद्यालयातून घरी आलो होतो. आमच्याच वाडीतले एक गृहस्थ मस्कतहून परतले होते आणि त्यांच्यासोबत एक व्हिडिओ कॅसेट आली होती. ‘‘यातला शेवट वेगळा आहे,’’ असे ते जो भेटेल त्याला सांगत होते. मिनर्व्हात एकोणीस (किंवा अकरा) वेळा बसलेल्या मामांना हा अपमान वाटला. पडद्यावर ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरचे हात तुडवतो, आता त्याला मारणार इतक्यात पोलीस येतात, गुन्हेगाराला शिक्षा देणे हे कायद्याचे काम आहे असे सांगतात आणि ठाकूर थांबतो. यापरता दुसरा शेवट असणार कसा?

परंतु तो होता. मूळ चित्रीकरणात ठाकूर गब्बरला ठार करतो. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली होती. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला (हात नसलेल्या माणसाबद्दल हा वाक्प्रचार विचित्र वाटतो खरा!) सेन्सॉरला चालण्यासारखा नव्हता. प्रदर्शनाच्या तोंडावर रमेश सिप्पींना शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. सेवक रामलाल बुटांना खिळे ठोकतो तो प्रसंग गेला. सचिन पिळगांवकरांनी रंगवलेल्या अहमदचा छळही गेला. त्याऐवजी गब्बर एक मुंगी चिरडताना दिसतो आणि आपण समजून जातो. ही दुसरी काटछाट मला मुळाहूनही सरस वाटते, हे जाता जाता सांगून ठेवतो. कातरलेला हा मूळ भाग १९९० साली ब्रिटनमध्ये निघालेल्या कॅसेटमधून प्रथम लोकांसमोर आला, आणि तिचीच कुठलीशी नक्कल आमच्या वाडीत पोहोचली होती.

रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला गेला. अंगणात सारी वाडी बसली. मामीच्या मांडीवर तिचा वर्षाचा मुलगा झोपला होता, हे मला लख्ख आठवते, कारण गोळीबार सुरू झाला की ती त्याचे कान झाकी. कॅसेट नकलेची नक्कल असल्यामुळे माणसे निळसर दिसत होती. शेवटाला ठाकूरने गब्बरला संपवले आणि अंगणात टाळ्या-शिट्ट्यांचा असा गजर झाला की समोरच्या वाडीतले कुत्रे भुंकू लागले. ‘‘पुन्हा लाव, पुन्हा लाव!’’ म्हणून कोणीतरी कॅसेट मागे फिरवली. तो तुडवण्याचा भाग आम्ही तीन वेळा पाहिला. मग वीज मंडळाचे गृहस्थ सकाळच्या पाळीला जायचे म्हणून उठले आणि टीव्ही बंद झाला.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर वाद पेटला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो आणि त्या वयात सेमिनरीयनला सगळे ठाऊक असते. मी पोलिसांची बाजू घेतली. ठाकूर थांबतो, सूड सोडून देतो, हाच अधिक उदात्त, अधिक ख्रिस्ती शेवट आहे, असे मी बरेच लांबण लावून सांगितले. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘‘तो थांबत नाही रे, त्याला थांबवतात. शेवट ठिगळासारखा लावलाय, शिवण दिसते. एकोणीस वेळा बघितला तेव्हा मला कळत नव्हतं की शेवटी मन का लागत नाही. काल कळलं.’’

त्याच वर्षी आम्हांला शास्त्राच्या वर्गात संत मार्कच्या शुभवर्तमानाचे दोन शेवट शिकवले होते. सर्वांत प्राचीन हस्तलिखितांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबते: कबर रिकामी, स्त्रिया भयभीत होऊन पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत. पुढच्या बारा ओव्या नंतरच्या हाताने आल्या असाव्यात, असे अभ्यासक मानतात. ख्रिस्तसभेने त्याही पवित्र शास्त्राचा भाग म्हणून स्वीकारलेल्या आहेत. मी मामांना हे सांगितले तेव्हा त्यांना त्याचे मुळीच आश्चर्य वाटले नाही. ‘‘घाबरलेल्या बायांवर गोष्ट सोडणारा माणूस धीराचा असला पाहिजे,’’ एवढेच ते म्हणाले.

पुढचे मी लिहावे की नाही, याचा पुष्कळ विचार केला. मामांना वाचून दाखवले आहे आणि त्यांच्या अनुमतीनेच लिहीत आहे.

मामीच्या मांडीवर झोपलेला तो मुलगा, माझा मामेभाऊ, २०१२ साली पावसाळ्यात गेला. बावीस वर्षांचा होता. तोही फुले घेऊन पहाटेच्या गाडीला निघाला होता. स्टेशनच्या रस्त्यावरच्या वळणावर एका टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला उडवले आणि टेम्पो न थांबता निघून गेला. चालवणारा दूरचा कोणी नव्हता. शेजारच्या वाडीतला, आमच्याच धर्मग्रामातला तरुण होता, आणि रात्रभर प्यायलेला होता हे सगळ्यांना माहीत होते. न्यायालयात मात्र ते ठाऊक असलेला एकही साक्षीदार उभा राहिला नाही. पाच वर्षांनी तो निर्दोष सुटला. ‘शोले’त कायदा अगदी वेळेवर येऊन पोहोचतो; आमच्याकडे तो आला, बसला आणि निघून गेला.

अंत्यविधीला प्रवचन मी केले. घरचा धर्मगुरू म्हणून ते माझ्याकडे येणे साहजिकच होते. त्या तरुणाचे आईवडील चर्चच्या अगदी मागे, दाराजवळ उभे होते. मी त्यांना पाहिले, आणि मला वाटले की हाच तो क्षण. क्रुसावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या प्रभूविषयी मी बोललो आणि शेवटी म्हणालो की, आमच्या कुटुंबाने क्षमा केलेली आहे. लोकांचे डोळे पाणावले. नंतर कित्येकांनी येऊन माझे हात धरले. एका वयस्क धर्मगुरूंनीही प्रशंसा केली. कुटुंबाला मी विचारले नव्हते. मामा-मामीचा मुलगा शवपेटीत होता, माती अजून पडायची होती, आणि मी त्यांच्या वतीने क्षमा देऊन मोकळा झालो होतो.

महिन्याच्या मिस्सानंतर मामा मला चर्चच्या मागे, दफनभूमीच्या भिंतीपाशी भेटले. माझ्या गुरुदीक्षेच्या दिवसापासून ते मला ‘फादर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत आले होते. माझ्या आईने सांगूनही त्यांनी ते सोडले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, ‘‘तू पोलीस फार लवकर बोलावलेस.’’

मला क्षणभर कळलेच नाही.

‘‘मी अजून बूटसुद्धा घातले नव्हते,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तू शेवट करून टाकलास. सगळ्यांसमोर. आता मी काय करू? मला राग आला तरी लोक म्हणणार, याने तर क्षमा केलीय.’’

त्यानंतर मामा मिस्साला येत राहिले, पण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे राहिले नाहीत. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील क्षमेच्या ओळीवर ते गप्प बसतात, असे मामीने मला सांगितले. आधीचे म्हणतात, नंतरचे म्हणतात, मधले सोडतात. ज्याने टेम्पो चालवला तोही त्याच चर्चमध्ये येई. मी दुसऱ्या धर्मग्रामात होतो, सुट्टीला घरी जात होतो, मामांकडे चहा घेत होतो. फुलांविषयी, पावसाविषयी बोलणे होई. ‘शोले’विषयी तेरा वर्षांत एकदाही नाही. अंत्यविधीच्या प्रवचनांत मी आता फार थोडे बोलतो, आणि कोणाच्याही वतीने काही बोलत नाही.

२०२५ साली ‘शोले’ला पन्नास वर्षे झाली. जुनी फिल्म दुरुस्त करून, मूळ शेवटासह, जून महिन्यात इटलीतील बोलोन्या येथे महोत्सवात दाखवली गेली आणि डिसेंबरात आपल्याकडे चित्रपटगृहांत लागली. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी, २४ नोव्हेंबरला, धर्मेंद्र वारले होते. आगमनकाळ चालू होता, नाताळची कामे डोक्यावर होती. फोन मामांचाच आला. ‘‘फादर, वेळ असला तर येता का? मला एकट्याला इतक्या रात्री मामी सोडणार नाही.’’ तेरा वर्षांनी त्यांच्या तोंडून ‘शोले’चे नाव निघाले होते. मी आजारी माणसाला भेटायला जावे तसा निघालो.

चित्रपटगृह निम्मे भरले होते. बहुतेक साठी उलटलेले, काही नातवंडांना घेऊन आलेले. सुरुवातीला लोक संवाद पात्रांच्या आधी म्हणत होते. वीरू टाकीवर चढला तेव्हा हसणे झाले, पण ते नेहमीसारखे मोकळे नव्हते. मागे कोणीतरी नाकही ओढले. पडद्यावरची बहुतेक मंडळी आता नाहीत. संजीवकुमार १९८५ साली गेले, अमजद खान १९९२ साली.

मग तो शेवट आला. ठाकूरने गब्बरला मारले. एक-दोन टाळ्या वाजल्या आणि विरल्या, कारण चित्रपट तिथे थांबला नाही. ठाकूर रडू लागला. हात नसलेला माणूस रडतो तेव्हा तोंड कशाने झाकणार? तो नुसता उघड्या तोंडाने, वाकून रडत होता, आणि वीरू त्याला धरत होता.

मी ते कधी पाहिले नव्हते. मामांकडे पाहिले तर ते पडद्याकडे नव्हे, मांडीवर ठेवलेल्या आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होते.

रिक्षात बराच वेळ ते काही बोलले नाहीत. स्टेशनच्या रस्त्यावरचे ते वळण आले तेव्हा नेहमीप्रमाणे त्यांनी मान दुसरीकडे वळवली. ते मागे पडल्यावर म्हणाले, ‘‘हे त्या कॅसेटमध्ये होतं का हो?’’

‘‘असणारच, मामा.’’

‘‘मग आपण बघितलं कसं नाही?’’

‘‘आपण कॅसेट मागे फिरवत होतो. आणि मग टीव्ही बंद केला.’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘टाळ्या वाजवत होतो आपण.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘तेव्हा बाळ झोपला होता इथंच, मामीच्या मांडीवर.’’

मुलाचे नाव नव्हे, पण त्याचा उल्लेख त्यांनी माझ्यापाशी तेरा वर्षांनी केला. मला पुष्कळ बोलावेसे वाटले. त्या प्रवचनाची क्षमा मागायची होती. ती मी मागितलीही, रिक्षावाल्याच्या देखत, दोन वाक्यांत. मामांनी माझ्या गुडघ्यावर थापटले. त्याचा अर्थ ‘केली’ असा होता की ‘आता नको’ असा, हे मी ठरवलेले नाही.

घरी मामी जागी होती. दार उघडताच तिने विचारले, ‘‘काय? मारलं का शेवटी त्याला?’’

‘‘मारलं,’’ मामा म्हणाले. ‘‘आणि मग रडला.’’ चपला काढून ते खुर्चीत बसले. ‘‘पण तुझ्या राधेची खिडकी यातही बंदच आहे गं.’’

‘‘मला ठाऊक होतं,’’ मामी म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.